तालमीचा हौदा आणि जिमखान्याची वही

नसरापूरहून आंबवणे, मार्गासनी, विंझर ही गावे मागे टाकीत वेल्ह्याकडे निघालेल्या प्रवाशाची दृष्टी स्वाभाविकपणेच प्रथम राजगडाकडे आणि पुढे तोरण्याकडे वळते. परंतु या मुलखातील खेळांचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने काही काळ गडांवरून नजर काढून रस्त्याच्या खालच्या अंगाला पायरीपायरीने उतरत गेलेल्या भातखाचरांकडे पाहावे. डोंगराच्या उतारावर दगडांचे बांध रचून, पावसाने वाहून नेलेली माती पुन्हा पुन्हा भरून, अनेक पिढ्यांनी सपाट केलेली ही खाचरे म्हणजेच कानंदी आणि गुंजवणी यांच्या खोऱ्यांतील सपाट भूमीची जवळजवळ सगळी शिल्लक होय. टेनिसचे मैदान आखावयाचे तर रेषांच्या आतच ७८ फूट लांबी आणि ३६ फूट रुंदी लागते, आणि खेळाडूला धावण्यास भोवती मोकळी जागा सोडली की हिशेब १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद अशा क्षेत्रावर, म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्याही पलीकडे जातो. उलट तालमीच्या हौद्याला वीस फूट लांब-रुंद जागा पुरते, आणि ती अर्धा गुंठाही भरत नाही. ज्या कुटुंबाचे वर्षाचे भात असल्या दोन-चार खाचरांवर अवलंबून असते, त्याने त्यांतले एक मोडून खेळासाठी अंगण करावे अशी अपेक्षा कोणीही धरणार नाही. मावळात कुस्ती रुजली आणि टेनिस रुजले नाही, याची मीमांसा करताना लोकांच्या आवडीनिवडीच्या आधी हा भूमीचा हिशेब मांडला पाहिजे.

खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या नामावळीने लिहिला जातो, आणि त्यामुळे ज्या व्यवस्थेने ते विजेते घडविले ती व्यवस्था अंधारात राहते. माझ्या मते कोणत्याही क्रीडासंस्थेची खरी ओळख तीन प्रश्नांच्या उत्तरांतून होते: मैदानात उतरणाऱ्यांची यादी कोण करतो, त्यांना शिकविणाऱ्याची नेमणूक कोण करतो, आणि या दोघांच्या अन्नवस्त्राचा व साहित्याचा खर्च कोणाच्या नावे पडतो. गावची तालीम असो, संस्थानी आखाडा असो वा महाविद्यालयाचा टेनिससंघ असो, हे तीन प्रश्न कोणालाही चुकलेले नाहीत. आणि ज्या काळी या तिन्हींची उत्तरे एका समाजाच्या हाती होती त्या काळी खेळ जोमाने वाढला, ज्या काळी ती परस्परांपासून तुटली त्या काळी तो मूठभरांचा होऊन बसला, असे इतिहास पाहता दिसून येते.

वेल्ह्याच्या परिसराला हा विचार नवा नाही. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि सुमारे पंचवीस वर्षे तेथून राज्यकारभार चालला, त्या काळात गडाची व्यवस्था एकाच माणसाच्या हाती न देण्याचा दंडक शिवछत्रपतींनी घालून दिला होता. हवालदार हा गडाचा मुख्य, किल्ल्या त्याच्या ताब्यात. सरनोबत पहारेकऱ्यांचा नायक. सबनीस हा हजेरी आणि जमाखर्च लिहिणारा. आणि कारखानीस हा धान्य, दारूगोळा व इतर जिन्नस यांच्या साठ्याचा जबाबदार, अशी ही वाटणी होती. माणसे किती, त्यांना हुकूम कोणाचा आणि त्यांच्या पोटाची तरतूद कशी, या तीन बाबी वेगवेगळ्या हातांत असूनही एकमेकींना बांधलेल्या होत्या, कारण सबनिसाच्या हजेरीशी जुळल्याशिवाय कारखानिसाच्या कोठारातील खर्चाचा मेळ बसणे शक्य नव्हते. तोरण्याची डागडुजी करताना सापडलेले द्रव्य राजगडाच्या बांधकामी लागले, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकतही याच वृत्तीची साक्ष देते: जे हाती आले ते कोणत्या कामी खर्ची पडले, हे सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. पुढे हा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात आला आणि त्याच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी गडांचीच नावे मिळाली. महालांचे हिशेब आणि राजपत्रे तपासणे हे ज्या पदाचे मूळ कर्तव्य, त्या पदाच्या वारसांची ही दौलत १९४८ च्या मार्चमध्ये विलीन होईपर्यंत टिकली.

गडांची नफरी ओसरली, तरी बाहुबलाची उपासना गावांतून चालू राहिली आणि तिचे केंद्र होते तालीम. तालमीची इमारत बहुधा बेताचीच असे. मारुतीची मूर्ती, भिंतीशी टेकविलेली करेले व मुद्गल, मध्ये लाल मातीचा हौदा आणि अंधूक प्रकाश. परंतु त्या मातीची निगा ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला तिचा थाट एखाद्या देवघराहून कमी वाटत नाही. माती चाळून खडा वेगळा काढावयाचा, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवावयाचा, दररोज खोऱ्याने ती खालीवर करावयाची, म्हणजे ती मऊही राहते आणि अंगावर झालेल्या खरचटण्याला औषधाचेही काम देते. ही माती उकरण्याचे काम नव्या पठ्ठ्याकडे असते. जोरबैठकांच्या आधीची ती पहिली मेहनत आणि संस्थेत प्रवेश मिळाल्याची पहिली खूण होय. येथे प्रवेशाचा अर्ज नाही की यादीचा कागद नाही. वस्तादाने मुलाच्या मानेवर आणि खांद्यांवर हात फिरवून त्याला लंगोट लावण्यास सांगितले की त्याचे नाव त्या तालमीच्या नामावळीत चढले. वस्ताद हा बहुधा आपल्या ऐन उमेदीत कुस्त्या मारलेला, वयामुळे आखाड्यातून उतरलेला मल्ल असे. त्याला ठराविक वेतन नसे, परंतु गुरुपौर्णिमेचा मान, सुगीतले धान्य आणि पठ्ठ्याने मिळविलेल्या इनामातील वाटा यांवर त्याचा योगक्षेम चाले. खुराकाचा भार मात्र घरावर पडे. दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा खर्च साध्या शेतकऱ्याला पेलणारा नसे, आणि म्हणून घरातील एका मुलाला पैलवान करावयाचे तर इतरांनी आपल्या ताटातील दूध कमी करावयाचे, असा मूक करार अनेक कुटुंबांनी पाळला आहे.

या साऱ्या मेहनतीचे फळ जत्रेच्या फडात मिळे. सुगी संपल्यावर, ग्रामदेवतेची पालखी निघून गेल्यानंतरच्या दिवशी दुपारी हलगी कडाडू लागली की गाव आखाड्याभोवती गोळा होते. पंच जोड ठरवितात, लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळांवर लागतात, मग रुपयांच्या कुस्त्या चढत्या क्रमाने येतात, आणि शेवटच्या निकाली कुस्तीचे इनाम सर्वांत मोठे असते. या इनामाची रक्कम घरपट्टीप्रमाणे गोळा केलेल्या वर्गणीतून उभी राहते. कामधंद्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेले चाकरमानी आपला वाटा आठवणीने पाठवितात, आणि जत्रा आटोपल्यावर किती जमले, वाजंत्र्याला किती गेले, मंडपाला किती आणि मल्लांना किती, याचा हिशेब देवळात चारचौघांसमोर वाचला जातो. ज्याने पाच रुपये दिले त्यालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. खेळ, शिक्षक आणि पैसा यांना एका सूत्रात गुंफणारी ही ग्रामसंस्था कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नाही. ती आपल्या बळावर उभी आहे, आणि तिचे श्रेय इतिहासकारांनी अजून पुरते दिलेले नाही.

गावाच्या पुढची पायरी दरबाराची होती. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांसारख्या मल्लविद्येच्या आचार्याला राजाश्रय लाभला आणि मल्लखांबाची विद्या त्यांच्या शिष्यशाखेने दूरवर नेली; बडोद्यात जुम्मादादांची तालीम प्रसिद्धीस आली. परंतु आश्रयाचा खरा कळस झाला तो कोल्हापुरात. शाहू महाराजांनी देशोदेशीच्या मल्लांना पदरी ठेवले, त्यांच्या खुराकाची तरतूद सरकारी खर्चातून केली, आणि १९१२ साली खासबागेचे प्रचंड मैदान बांधून कुस्तीला असे घर दिले की जेथे सर्वांत मागे बसलेल्या प्रेक्षकालाही मल्लांची पकड स्वच्छ दिसावी. दरबारच्या या पद्धतीत नामावळी, वस्ताद आणि खर्च या तिन्ही बाबी एकाच शिक्क्याखाली आल्या. तिचा लाभ मोठा होता. तिचा धोकाही तेवढाच होता, कारण शिक्का गेला की तिन्ही एकदम निराधार होणार होत्या.

दरम्यान पुण्याच्या छावणीत आणि सिव्हिल लाइन्समध्ये खेळाचा एक निराळाच संसार उभा राहत होता. बॅडमिंटनचे पहिले नियम पुण्याच्या छावणीत बांधले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, आणि त्याच दशकात, १८७४ साली, इंग्लंडात मेजर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसच्या साहित्याचा हक्क नोंदविला. टेनिस हिंदुस्थानात आले ते साहेबाच्या बंगल्याच्या आवारातून. आपल्या हवेत हिरवळ टिकेना, तेव्हा माती ठोकून त्यावर शेणकाल्याचा हात फिरविण्याची शेतकऱ्याच्या खळ्याची पद्धत अनेक क्लबांनी उचलली. परंतु रॅकेट आणि चेंडू परदेशाहून येत, रॅकेटच्या आतड्याच्या तारा पावसाळी दमटपणात सैल होऊन तुटत, आणि मैदानावर रोज पाणी, रूळ व चुना यांचा खर्च असे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने पुण्याच्या मराठी मध्यमवर्गाला हे नवे खेळ आपल्या अंगणात खेळण्याची संधी दिली, आणि महाविद्यालयांनी जिमखाना फी या सदराखाली प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाला ठराविक रक्कम घेण्यास आरंभ केला. या फीच्या वहीने खेळाची व्यवस्था नेटकी केली, हे मान्यच केले पाहिजे. एक प्राध्यापक खजिनदार, एक विद्यार्थी कार्यवाह, प्रत्येक खेळाला कप्तान, वर्षअखेरीस ताळेबंद: सबनिसाच्या हजेरीची आठवण व्हावी इतकी ही रचना रेखीव होती.

परंतु या वहीत दोन माणसांना जागा नव्हती. पहिला होता क्लबचा मार्कर. सभासदांना खेळाचा सराव देणारा, त्यांच्या चुका सुधारणारा हा मनुष्य पुष्कळदा लहानपणी चेंडू वेचणारा पोऱ्या म्हणूनच मैदानावर आलेला असे. त्याचा हात कित्येक सभासदांहून सफाईदार असे, तरीही तो गुरू नव्हे तर नोकर गणला जाई, आणि स्पर्धेच्या यादीत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तालमीत वस्तादाच्या पायांवर डोके ठेवणारा समाज टेनिसच्या मैदानावर आपल्या वस्तादाला नावानेही ओळखीत नव्हता, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते. दुसरा होता तो खेड्यातला मुलगा, जो महाविद्यालयाची फी कशीबशी भरत असे, तीत जिमखान्याची फीही भरत असे, परंतु पांढरा पोशाख, बूट आणि रॅकेट नसल्यामुळे त्या फीचा उपभोग त्याला घेता येत नसे. त्यातच टेनिसचा हौशीपणाचा नियम असा होता की १९६८ पर्यंत मोठ्या स्पर्धांतून बक्षिसाची रक्कम घेणारा खेळाडू बहिष्कृत ठरे. इनामावर जगणाऱ्या मल्लाची प्रतिष्ठा जत्रेत वाढे. पैसे घेणाऱ्या टेनिसपटूची प्रतिष्ठा क्लबात बुडे. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी टेनिसपटूंत सिडनी जेकब हे सनदी अधिकारी आणि महंमद स्लीम हे बॅरिस्टर होते. गुणी तर ते होतेच, परंतु गुणांबरोबर स्वतःचा खर्च पेलणारे उत्पन्नही त्यांच्यापाशी होते.

याच्या उलट चार वर्षे आधीची, अँटवर्पची हकीकत आहे, आणि तिचा उगम थेट डेक्कन जिमखान्यात आहे. जिमखान्याच्या धावण्याच्या शर्यतींचे अध्यक्षपद दोराबजी टाटांनी स्वीकारले तेव्हा शेतात राबणारी, अनवाणी धावणारी मुले त्यांच्या पाहण्यात आली, आणि त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा आहे, हे केंब्रिजला शिकलेल्या त्या रसिकाच्या ध्यानात आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड, ज्यांचे नाव पुढे भोरजवळच्या भाटघर धरणाला दिले गेले, त्यांच्या साहाय्याने हिंदुस्थानला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळविण्याची खटपट झाली, खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला, आणि १९२० साली पूर्णचंद्र बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू व कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल असे सहाजणांचे पथक रवाना झाले. बेळगावच्या चौगुल्यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. शिंद्यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. यादी मैदानावरच्या कर्तृत्वावरून ठरली आणि खर्च दानशूरतेने भागविला, म्हणून हे घडले; परंतु दात्याच्या इच्छेवर उभी असलेली ही व्यवस्था नियम झाली नाही, ती अपवादच राहिली.

अपवादाची किंमत काय असते हे पुढे १९५२ साली दिसले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तेथे अनोळखी गादीवर लढून सहावा आला. पुढच्याच वर्षी, १९४९ च्या मार्चमध्ये, कोल्हापूर संस्थान विलीन झाले. प्रजेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, परंतु दरबारच्या ज्या खर्चखात्यावर कुस्ती पोसली जात होती ते खाते बंद झाले आणि त्याच्या जागी दुसरे उघडण्याची व्यवस्था नव्या राज्ययंत्रणेने तत्काळ केली नाही. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा खाशाबांना दारोदार फिरावे लागले. गावकऱ्यांनी जमेल तशी मदत केली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी आपल्या गुरुजनांचे ऋण फेडले. प्राचार्यांच्या त्यागापुढे मस्तक नमवावे तितके थोडेच; तथापि ज्या देशात महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ऑलिंपिकला पाठविण्यासाठी प्राचार्याला घर गहाण टाकावे लागते, तेथे जिमखान्याच्या वहीत मूलभूत उणीव राहिली आहे, हेही त्याच नम्रतेने नमूद केले पाहिजे. हे ऋण फिटले ते अखेर जत्रेच्या जुन्याच मार्गाने, फड भरवून आणि लोकांच्या पैशाने, ही बाब विशेष अर्थपूर्ण आहे. ही उणीव भरून काढण्याचा मोठा उद्योग ज्यांनी आरंभिला ते मामासाहेब मोहोळही वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीचेच. त्यांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीच्या किताबाने गावोगावच्या तालमींना एक समान शिखर दिले.

टेनिससाठी असे शिखर शोधणाऱ्या आपल्या मुलांना मात्र सातासमुद्रापलीकडे जावे लागले. अमेरिकेतील विद्यापीठांनी खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची पद्धत रूढ केली. १९७२ च्या कायद्याने मुलींनाही समान वाटा मिळण्याचा मार्ग खुला झाला. आणि तेथील मोठ्या विद्यापीठांच्या टेनिससंघांत दीर्घकाळ पुरुषांसाठी साडेचार व महिलांसाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यातील साडेचारांचे तुकडे करून त्या अधिक खेळाडूंत वाटल्या जात. खेळाडूंची यादी, पगारी प्रशिक्षक, त्याचे सहाय्यक आणि वार्षिक अंदाजपत्रक ही सारी विद्यापीठाच्या कारभाराची अंगे झाली, आणि फुटबॉलसारख्या गर्दी खेचणाऱ्या खेळांच्या उत्पन्नातून टेनिससारख्या खेळांचा तोटा भरून निघू लागला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात खेळून परतली आणि २०२३ साली हांगझो येथील आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. तिच्या यशाचा आनंद मोठा आहे; परंतु तो साजरा करताना, शिक्षण आणि खेळ यांपैकी एकाचा बळी न देता दोन्ही पुढे नेण्याची सोय तिला परक्या देशातील विद्यापीठाने दिली, याचाही विचार आपल्या विद्यापीठांनी करावा.

अमेरिकेची श्रीमंती आपल्याला उसनी आणता येणार नाही, आणि आणण्याचे कारणही नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या छायेत भोर-वेल्ह्यापर्यंत उच्च शिक्षण पोहोचले आहे. त्या शिक्षणाबरोबर जाणारी खेळाची व्यवस्था मात्र याच खोऱ्यातील दोन जुन्या संस्थांपासून शिकता येईल. तालमीने शिकवावे की शिकविणारा हा संस्थेचा पहिला मानकरी आहे, त्याचा योगक्षेम चालला तरच पठ्ठे घडतील, आणि त्याचे नाव विजेत्याच्या नावाआधी घेतले गेले पाहिजे. जत्रेने शिकवावे की लोकांचा पैसा लोकांसमोर मोजला पाहिजे. विद्यार्थ्याकडून घेतलेल्या खेळाच्या फीचे काय झाले, किती प्रशिक्षकावर गेले, किती साहित्यावर, आणि साहित्य विकत घेण्याची ज्यांची ऐपत नाही अशा किती मुलांना त्यातून हात मिळाला, हे प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एकदा सर्व विद्यार्थ्यांना व पालकांना एकत्र बोलावून वाचून दाखवावे. पाच रुपयांच्या वर्गणीदाराला देवळात जो अधिकार आहे तो शेकडो रुपयांच्या फीदाराला महाविद्यालयात नसावा, हे न्यायाला धरून नाही. टेनिसचे मैदान साडेसहा गुंठ्यांचे असते आणि ते एका कुटुंबाच्या खाचरातून निघणार नाही. परंतु पंचक्रोशीने मिळून, गायरानात किंवा शाळेच्या आवारात, एक मैदान राखावयाचे ठरविले तर ते अशक्य नाही, कारण याच लोकांनी याच डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून सपाट भूमी निर्माण केली आहे. हिशेब उघडा असेल तर वर्गणी देणारे हात वेल्ह्यात पूर्वीही कमी पडले नाहीत आणि पुढेही पडणार नाहीत, असा माझा दृढ विश्वास आहे.